छत्र्यांचं पिंप

चर्चच्या तळघरात दर एप्रिलमध्ये जुन्या वस्तूंची विक्री असते. मी पुस्तकांसाठी जातो. यंदा पुस्तकांच्या टेबलापर्यंत पोचलोच नाही. जिन्याच्या पायथ्याशी एक हिरवं पिंप उभं होतं आणि त्यात तीन छत्र्या खोचलेल्या होत्या.

पिंप मांडीइतकं उंच, सडपातळ. खाली आणि वर जाड काळ्या रबराचे गोल. छत्र्या बाजूला सारून मी आत डोकावलो. बाहेरून हिरवा तैलरंग फासलेला असला तरी आतलं स्टील आरशासारखं होतं. वरच्या काठाशी दोन बुटक्या नळ्या होत्या. एकीला दोन बारीक खुंट्या, दुसरीला तीन. चार महिने मी ही नळ्यांची जोडी पुस्तकातल्या चित्रांत पाहत होतो. आता ती समोर होती.

"छत्र्या हव्यात का?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

"पिंप हवंय."

"छत्र्यांसकट चार डॉलर."

"छत्र्या नकोत."

"मग मी त्या कशात ठेवू?"

शेवटी तिन्ही छत्र्याही घेतल्या. झाकणाबद्दल विचारायला धीर होईना. अर्धा जिना चढलो, परत उतरलो, आणि पुटपुटत विचारलं. लंबगोल झाकण चर्चच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं निघालं. ते कशाचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आजवर कुणी फेकलं नव्हतं.

आता हे पिंप मला का हवं होतं ते सांगायला हवं. मी सांगायला लागलो की माणसं घड्याळ बघतात, म्हणून थोडक्यात सांगतो.

जानेवारीत जोलीनच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, घरी जेवताना ब्रिनच्या पार्टीचा विषय निघाला. ब्रिन माझी नात. तिची शाळा जूनमध्ये संपणार होती आणि ऑगस्टमध्ये ती शिकायला मोंटानाला जाणार होती. जूनच्या शनिवारी आमच्या केवॉनी गावात शाळा संपलेल्या मुलांसाठी निम्म्या गॅरेजांची दारं उघडी असतात, टेबलांवर चीज आणि केक मांडलेला असतो, आणि सगळं गाव या घरातून त्या घरात फिरत असतं. मोठ्यांसाठी बिअरचं पिंप लागतंच. जोलीन म्हणाली, दुकानात आत्ताच सांगून ठेवते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बिअर मी करतो."

मग ब्रिन म्हणाली, "आजोबा, होडीसारखी?"

माझ्या गॅरेजात एकोणीस वर्षं एक अर्धी बांधलेली होडी आहे. तिच्यात मांजरं वितात.

"होडीसारखी नाही," मी म्हणालो.

"बाबा, नक्की ना?" जोलीन म्हणाली. "तुम्ही करणार असाल तर मी सांगत नाही दुकानात. पण आयत्या वेळी मला पळायला लावू नका."

"नक्की."

घरी येताना गाडीत आर्डिस, माझी बायको, काही बोलली नाही. आर्डिस गप्प बसली की मी घाबरतो.

बिअर मी पूर्वी दोनदा केली होती, बाटल्यांत. त्यातल्या सात फुटल्या. म्हणून यंदा पिंप. गॅरेजातल्या जुन्या फ्रिजच्या दाराला भोक पाडून मी नळ बसवला. आर्डिस शेजारी उभी राहून म्हणाली, "त्यात हरणाचं मटण आहे, त्याला भोक पाडू नकोस." नळ झोकात बसला. त्याला लाकडी दांडाही लावला. आत मात्र काही नव्हतं. फ्रिजमध्ये मावेल एवढं लहान पिंप शोधणं इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं. बिअरच्या कारखान्यांची पिंपं त्यांच्या मालकीची असतात, ती ठेवून घेणं म्हणजे चोरीच. घरी बिअर करणारे लोक शोधतात ती जुनी सरबताची पिंपं. कोला, संत्रं, लिंबू यांचा पाक पूर्वी त्यांत भरून हॉटेलांना जायचा. मग कंपन्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या आणि पिंपं भंगारात गेली. मी ग्रीन बेच्या भंगारवाल्याकडे तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "काका, सापडलं तर मी स्वतःच फोन करीन. तुम्ही असे दारात उभे राहिलात की मला वाटतं कुणी वारलं." एका बंद पडलेल्या हॉटेलच्या मागच्या दाराशीही हिंडून आलो. आणि पिंप मात्र छत्र्या सांभाळत चर्चच्या जिन्याखाली उभं होतं.

ड्वेनचं वेल्डिंगच्या गॅसचं दुकान आहे. बिअरवाले सिलिंडर भरून घ्यायला त्याच्याकडेच जातात, कारण तोही बिअरवाला आहे. त्याने पिंप काउंटरवर चढवलं, फिरवून पाहिलं आणि शीळ घातली.

"हे खुंट्यांचं आहे. नळ्यांचे जोड कुठले आणलेत?"

मी फेब्रुवारीत टपालाने मागवलेले जोड पुढे केले.

"हे गोळीने अडकणारे. हे याला जन्मात बसणार नाहीत. कुणी सांगितले हे घ्यायला?"

"पुस्तकात चित्र होतं."

ड्वेन इतका हसला की आतून त्याचा माणूस बाहेर आला. नवे जोड देताना तो म्हणाला, "आणि वायसर बदला. झाकणाचा एक मोठा, बाकी चार बारके. पाचही बदला. आधी यात काय होतं देव जाणे, आणि रबर विसरत नाही."

"पण सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले तर..."

"पुस्तकात आहे?"

"हो."

"काका, पुस्तकाला नाक असतं का?"

बारके चार मी घेतले. झाकणाचा मोठा वायसर मात्र इतका चांगला दिसत होता, काळाभोर, कुठे चीर नाही, की तो फेकणं मला पाप वाटलं. सोड्यात उकळला आणि परत बसवला. हे मी कुणाला सांगितलं नाही.

रंग खरवडायला तीन दिवस लागले. मे महिन्यात वडिलांची बुयाची कढई काढली. बुया म्हणजे कोंबडी आणि भाज्यांचा रस्सा. चर्चच्या पिकनिकला तो असा कढईनेच शिजतो, आणि वडील तो वल्ह्याने ढवळायचे. मी त्या वल्ह्याने सातूचं माल्ट ढवळलं. फिकट, साधी बिअर करायची होती, कुणी नाक मुरडणार नाही अशी. यीस्ट घालून दोन आठवडे तळघरात ठेवली. रोज दोनदा जाऊन मी तिचे बुडबुडे ऐकायचो. एवढं लक्ष देऊन मी आयुष्यात फार कमी गोष्टी ऐकल्या आहेत.

पिंप भरायचा दिवस आला. बिअर नळीने अलगद, बुडापासून वर चढवायची. खळखळली की तिच्यात हवा शिरते आणि आठवड्यात ओल्या पुठ्ठ्याची चव येते. पिंप भरलं. झाकण दाबून बसवलं. गॅस सोडला आणि वरची कळ उचलून हवा बाहेर काढली, पुन्हा गॅस, पुन्हा कळ, तीन वेळा. मग साबणाचं पाणी सांध्यांवर लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं. आला नाही. मला खरं वाटेना, म्हणून पुन्हा लावलं.

कळ उचलताना एक वास आला. गोडसर, थंड, ओळखीचा. पाय मुरगळल्यावर चोळायच्या मलमाचा. आर्डिस पायरीवर बसून गुडघ्याला मलमच चोळत होती.

"तुझ्या मलमाने माझी बिअर नासेल."

"माझ्या गुडघ्याने नासणारी बिअर आधीच नासलेली असते," ती म्हणाली आणि मलम घेऊन आत गेली.

पार्टी शनिवारी होती. आदल्या रविवारी दुपारी मी अंगणात खुर्ची टाकून बसलो आणि पिंप मांडीवर आडवं घेतलं. गॅसची नळी जोडून पिंप असं पाळण्यासारखं झुलवलं की बिअर गॅस लवकर पिते. समोरून जाणाऱ्या एका गाडीने हॉर्न वाजवला. मी मान खाली घालून झुलवत राहिलो. विसाव्या-पंचविसाव्या झोक्याला बुडाचा रबरी गोल निसटला आणि गवतावर पडला.

त्याखाली बुडाला कागदी चिकटपट्टी होती. पिवळी पडलेली, पण शाबूत. रबराने झाकलेली असल्यामुळे तिच्यापर्यंत तैलरंग पोचला नव्हता. निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मार्लिस झेलेंका. आडनावाच्या पहिल्या अक्षराच्या, झेडच्या, पोटात एक आडवी रेघ होती.

ती रेघ मी कुठेही ओळखली असती. एकतीस वर्षं मी या जिल्ह्यात फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवली. मार्लिस झेलेंका दर दुसऱ्या मंगळवारी रस्त्याच्या कडेला हातात घड्याळ घेऊन उभ्या असायच्या. पुस्तकांच्या मागणीच्या त्यांच्या चिठ्ठ्यांवर ती रेघ असायची, आणि मी खाली उतरलो की त्या म्हणायच्या, "अकरा मिनिटं उशीर." दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही. मी त्यांना घाबरायचो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, अजून घाबरत होतो.

आर्डिसने चष्मा लावून पट्टी वाचली.

"त्यांचं भांडं आहे," ती म्हणाली.

"मी विकत घेतलंय."

"चर्चने विकलं म्हणून ते चर्चचं होत नाही. नाव आहे भांड्याला. कुणीतरी नेलं, परत केलं नाही, तळघरात राहिलं." आमच्या कपाटात एक निळी काचेची थाळी आहे. अठ्ठ्याऐंशी साली कुणीतरी तिच्यात बटाटे घालून आणले होते आणि तिची पट्टी धुण्यात गेली. आर्डिस त्या थाळीत आजही काही करत नाही. दर पिकनिकला ती पिशवीत घालून नेते आणि बायकांना दाखवते.

"शनिवारनंतर देतो नेऊन," मी म्हणालो. "बिअर संपली की. धुऊन, पुसून."

"रिकामं?"

मी गॅसची नळी गुंडाळायला लागलो.

"रिकामं भांडं परत करतात का कधी, नॉर्ब? माझी आई असती तर तिने तुला दारात उभं केलं नसतं."

"मग पार्टीचं काय?"

"ते मला नको विचारूस," ती म्हणाली. मग जाता जाता होडीकडे पाहिलं. मुद्दाम पाहिलं की नाही, सांगता येत नाही.

मी रबरी गोल परत बसवला. हेही सांगायला हवं. बसवला, दाबून बसवला, आणि पिंप फ्रिजमध्ये ठेवून दार लावलं. कुणाला कळणार होतं? सोमवारी जोलीनचा फोन आला. "बाबा, बिअर आहे ना?" मी म्हणालो, आहे. मंगळवारी वाचायला बसलो आणि दीड तासात चार पानं झाली. डोळ्यांपुढे ती रेघच यायची. आणि खरं सांगायचं तर मला नुसती लाज वाटत नव्हती, कुतूहलही छळत होतं. मार्लिस झेलेंकासारख्या बाईने, जिने कधी गाडीतून स्वयंपाकाची पुस्तकं आणि संतांची चरित्रं सोडून काही नेलं नाही, तिने बिअरच्या पिंपाला आपलं नाव का चिकटवलं असेल?

बुधवारी सकाळी पिंप गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि निघालो.

मार्लिस ओसरीत बसून रूबार्बचे आंबट देठ चिरत होत्या. शहाऐंशीच्या असतील. मी ढकलगाडीवरून पिंप आणताना त्यांनी सुरी खाली ठेवली नाही.

"ग्रंथालयाची गाडी बंद झाली असं ऐकलं होतं," त्या म्हणाल्या.

"झाली, झेलेंकाबाई. मी दुसऱ्या कामाने आलोय." मी रबरी गोल काढला आणि बूड त्यांच्याकडे फिरवलं.

त्यांनी पट्टी वाचली. मग बोटाने तिच्यावरून हात फिरवला.

"कुठे मिळालं?"

"चर्चच्या तळघरात. जिन्यापाशी. विक्रीत."

"कुणी आणून ठेवलं तिथे?"

"तिथेच होतं म्हणतात, पुष्कळ वर्षं. हिरवा रंग दिलेला होता. त्यात छत्र्या ठेवायचे."

सुरी थांबली.

"हिरवं?" त्या म्हणाल्या. "जिन्यापाशीचं हिरवं?"

"हो."

"मी त्यात छत्री ठेवली आहे, नॉर्बर्ट. पावसाच्या प्रत्येक रविवारी. माझ्या स्वतःच्या हाताने."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. बरं झालं गिळलं, कारण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"तू हे आणायला नको होतंस," त्या म्हणाल्या.

मी माफी मागितली. कशाची ते मला ठाऊक नव्हतं, पण माफी मागायला मला कारण लागत नाही.

"बस. तुझी नाही चूक." त्यांनी रूबार्बचं पातेलं बाजूला केलं. "पिकनिकला मुलांसाठी रूट बिअरचं सरबत मी करायचे. याच पिंपात. चोवीस वर्षांपूर्वी पिकनिक झाली आणि पिंप गेलं. आवराआवर डेलोरेसने केली होती, माझ्या भावाच्या बायकोने. मी तिला म्हटलं, तू नेलंस. ती म्हणाली, नाही नेलं. मी म्हटलं, तुझ्या घराण्यात भांडी परत करायची रीतच नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, बुयाच्या कढईपाशी. त्यानंतर एक शब्द नाही. भावाच्या दफनालासुद्धा मी शेवटच्या बाकावर बसले." त्या पिंपाकडे पाहत होत्या. "कुणीतरी कढयांबरोबर तळघरात नेऊन ठेवलं असणार. एवढंच. दुसरं काही नाही."

अशा वेळी आर्डिस हवी होती.

"हे रिकामं नाही," मी शेवटी म्हणालो. "भरून आणलंय."

"कशाने?"

"बिअरने. मी केलेली आहे. चांगली नसेल कदाचित."

"आण मग. एवढ्या लांब आणलीस ती काय बघायला?"

पिकनिकला वापरतात तो चिमटीचा छोटा नळ मी बरोबर नेला होता. मुरंब्याच्या काचेच्या बरणीत थोडी ओतली. रंग चांगला होता, फेस चांगला होता. एवढ्यानेच माझे डोळे भरून आले, वय झालं की असं होतं. त्यांनी घोट घेतला. तोंडात फिरवला. मग बरणी नाकाशी धरली.

"यात काय घातलंस?"

"सातूचं माल्ट, हॉप्सची फुलं, यीस्ट. पाणी."

"आणि?"

"आणि काही नाही."

"फेस बिअरचा आहे, पण वास माझा आहे. माझी रूट बिअर आहे ही. विंटरग्रीनचं तेल, मलमांत घालतात तेच, मी स्वतः मोजून घालायचे." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "झाकणाचा वायसर बदलला नाहीस."

"चांगला दिसत होता," मी म्हणालो.

त्या हसल्या. एकतीस वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि त्यांचे दात इतके लहान असतील असं वाटलं नव्हतं. मी बरणी हातात घेऊन हुंगली. तोच वास. आर्डिसच्या गुडघ्याचा त्यात काही दोष नव्हता, आणि हे मला आता घरी जाऊन कबूल करावं लागणार होतं.

"कुणासाठी केली होतीस?" त्यांनी विचारलं. "माझ्यासाठी एवढी केली नसशील."

मी सांगितलं. पार्टीचं, ब्रिनचं, जानेवारीत दिलेल्या शब्दाचं. होडीचंही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती.

"म्हणजे शनिवारी तुझ्याकडे बिअर नाही."

"दुकानातून आणीन."

"आणि ही माझी झाली."

"तुमचीच आहे."

"मग ती कुठे जायची ते मी ठरवणार." त्यांनी झाकणावर हात ठेवला. "शनिवारी तुझ्या नातीकडे. मी येईन. डेलोरेसला तू बोलाव."

"मी?"

"तुलाच सापडलं ना पिंप?"

"झेलेंकाबाई, मला फोनवर बोलायला... मी फोनवर फार वाईट बोलतो. तुम्ही केलात तर..."

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "मी चोवीस वर्षांत सात-आठ वेळा तो फोन उचललाय," त्या म्हणाल्या. "नंबर पाठ आहे. सहाव्या आकड्यापर्यंत येते, पुढे बोट जात नाही."

मला एकदम कळलं की हातात घड्याळ घेऊन उभं राहणारी माणसंही घाबरलेली असू शकतात. हे मला खूप आधी कळायला हवं होतं. इतकी पुस्तकं वाचून काय उपयोग झाला कोण जाणे.

फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. त्या आकडे सांगत गेल्या, मी फिरवत गेलो.

"कोण बोलतंय?"

"नॉर्बर्ट. ग्रंथालयाच्या गाडीवाला."

"कोण? होडीवाला?"

"हो. तोच. शनिवारी माझ्या नातीची पार्टी आहे, आणि..." पुढचं वाक्य मी मनात जुळवलं होतं, ते विस्कटलं. "मार्लिसचं पिंप सापडलं. चर्चमध्ये होतं. त्यात छत्र्या ठेवायचे."

पलीकडून एक आवाज आला. रडण्याचा की हसण्याचा, मी आजही सांगू शकत नाही.

"ते हिरवं?" डेलोरेस म्हणाली. "माझी छत्री त्यातच असायची." आणि जरा वेळाने, "किती वाजता यायचं?"

शनिवारी दुपारी जोलीनच्या गॅरेजात पाऊल ठेवायला जागा नव्हती. पिंपासकट फ्रिज आम्ही ट्रकवरून हलवून आणला होता. पहिला ग्लास जोलीनने घेतला. मी तिच्या भुवया पाहत होतो.

"बाबा."

"काय?"

"याला मलमाचा वास येतोय."

"माझ्या गुडघ्याचा नाही," आर्डिस मागून मोठ्याने म्हणाली. "आधीच सांगते सगळ्यांना."

"वायसर बदलला नाही मी," मी कबूल केलं.

जोलीनने आणखी एक घोट घेतला. "वाईट नाही पण. विचित्र आहे." मग ती पाहुण्यांकडे गेली आणि मी ऐकलं, ती कुणाला तरी सांगत होती, "बाबांनी केलीये. नाही, खरंच केलीये. प्या तर खरं, अशी कुठे मिळणार नाही." कुतूहलाने का होईना, लोक येत होते. एकाने चव घेतली की तो दुसऱ्याला ओढून आणायचा. ड्वेनने ग्लासात नाक घातलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या नाकावर बोट आपटून दाखवलं.

मार्लिस फ्रिजशेजारी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. तीनच्या सुमारास डेलोरेस आली, चाकांचा वॉकर ढकलत, मोठा काळा चष्मा लावून. कुणीतरी तिला मार्लिसशेजारी खुर्ची दिली. कदाचित आर्डिसने. मी दोन ग्लास भरून दिले आणि दोन पावलं मागे सरलो, पण ऐकू येईल इतकाच.

"डेलोरेस."

"मार्लिस."

"मी म्हटलं होतं तू नेलंस."

"म्हटलं होतंस. कढईपाशी. माझ्या आईसमोर."

"चुकलं माझं."

डेलोरेसने घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "हे भयंकर आहे."

"माझ्या रूट बिअरचा वास लागलाय त्याला."

"तरीच. तुझी रूट बिअर भयंकरच असायची. पोरं कुत्र्याच्या ताटलीत ओतायची."

"कुठल्या कुत्र्याच्या?"

"फादरच्या. तोही पीत नव्हता."

मार्लिस यावर काय म्हणाल्या ते कळलं नाही, कारण दोघींचे खांदे हलायला लागले होते आणि मी तिथून निघून गेलो. काही गोष्टी माणसाने पाहू नयेत असं मला वाटतं, जरी मला त्या फार पाहायच्या होत्या.

चार वाजून गेल्यावर नळ खोकला. नुसता फेस आला, मग हवा. पिंप संपलं होतं. ब्रिन माझ्याजवळ येऊन उभी राहिली, तिने नळाचा दांडा दोनदा ओढून खात्री केली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही एक गोष्ट पूर्ण केलीत."

मी म्हणालो, वायसर बदलायला हवा होता.

मार्लिस निघाल्या तेव्हा मी पिंप गाडीपर्यंत न्यायला उचललं. "उद्या धुऊन आणून देतो," मी म्हणालो.

मार्लिसनी माझ्याकडे पाहिलं. डेलोरेसने पाहिलं. आर्डिस गॅरेजच्या पार दुसऱ्या टोकाला होती, तिनेही पाहिलं.

"रिकामं?" डेलोरेस म्हणाली.

मी पिंप खाली ठेवलं. ब्रिन हसून हसून होडीबद्दल काहीतरी बोलली.

"पिकनिक ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी," मार्लिस म्हणाल्या. "मुलांची रूट बिअर मी करणार आहे, डेलोरेस काहीही म्हणो. त्याआधी मला पिंप हवं. भरलेलं. आणि उशीर नको, नॉर्बर्ट."

फ्रिजबरोबर ट्रकवरून आलेल्या सामानात माझ्याकडच्या त्या तीन छत्र्याही होत्या, भिंतीला टेकून ठेवलेल्या. मार्लिसनी त्यांच्याकडे पाहिलं, वाकून बदकाच्या डोक्याच्या मुठीची एक उचलली. मुठीखाली कागदी पट्टी होती, त्यावर आडवी रेघ. मी दोन महिने ती छत्री पाहत होतो आणि एकदाही उलटी करून पाहिली नव्हती.

"ही माझी," त्या म्हणाल्या आणि कडकडीत उन्हात ती टेकत गाडीकडे गेल्या.

पिंप माझ्या तळघरात परत भरलं आहे, नव्या पाच वायसरांसकट. उरलेल्या दोन छत्र्यांवर नाव नाही. डेलोरेस म्हणते, दोन्ही तिच्या नाहीत. मी येत्या रविवारी त्या चर्चमध्ये नेऊन विचारणार आहे.